मेणबत्तीबाईंची सही

वायरिंगचं काम करणाऱ्या बाईच्या पिशवीत मेणबत्ती कशाला लागते, सांगा बरं? पाना लागेल, पक्कड लागेल, टेस्टर लागेल. पण मेणबत्ती? आपण जोडलेलं काही चालणार नाही, लाईट जाणारच, असं गृहीत धरून आली की काय ही? विजेच्या पॅनेलच्या कारखान्यात नवीन लागलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हा विनोद करायचा, आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा थाटात करायचा. बाई दर वेळी तितक्याच शांतपणे म्हणायच्या, "हसून झालं? आता ते टर्मिनल पुसून घे."

त्यांचं नाव मेणबत्तीबाई पडलं ते असं. नाव कोणी पाडलं ते कुणाला आठवत नाही, पण कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळे तेच म्हणायचे, फरक इतकाच की मालक त्यांच्या पाठीमागे म्हणायचे. बाईंची उंची बेताची, चष्मा जाड, अंगात निळा कोट, आणि कोटाच्या खिशात एक अर्धवट जळलेली पांढरी मेणबत्ती. पॅनेल तयार झालं की ते तपासायचं काम त्यांचं. तीस वर्षांत त्यांच्या सहीशिवाय एकही पॅनेल त्या गेटमधून बाहेर पडलं नव्हतं, आणि त्यांची सही मिळवणं म्हणजे काय प्रकार असतो हे विचारायचं असेल तर त्यांच्या सुनेला विचारावं. सून त्याच कारखान्यात इंजिनीअर होती. वरच्या मजल्यावर बसून ती पॅनेलांची आणि केबलींची ड्रॉइंग काढायची, आणि खाली सासूबाई ती ड्रॉइंगं लोखंडात उतरलेली तपासायच्या. घरी एक ओटा, कारखान्यात एक जिना. आता सांगा, एवढं सासू-सुनेचं एकत्र नांदणं कुणाच्या नशिबी आलंय?

गंमत म्हणजे सून बाईंनीच पसंत केली होती. मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा. जगातल्या सगळ्या नद्या तोंडपाठ, पण फ्यूज म्हटलं की दोन पावलं मागे. त्याच्यासाठी मुली बघायचं चाललं होतं तेव्हा कारखान्यात ही मुलगी नवीन लागली होती. एकदा बाईंनी तिला पाहिलं. पॅनेलचं दार उघडायच्या आधी तिने मेन स्विच बंद केला, कुलूप लावलं, टेस्टर लावून बघितला. मग त्याच टेस्टरने शेजारच्या चालू सॉकेटवर बघितलं की टेस्टरच बिघडलेला नाही ना. आणि मग परत पॅनेलवर. बाई घरी आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "मुलगी मिळाली." मुलाने विचारलं, दिसायला कशी आहे? बाई म्हणाल्या, "ते मी बघितलं नाही."

लग्नानंतर दोघींनी एक नियम ठरवला. ठरवला म्हणजे बाईंनी ठरवला आणि सुनेने मान डोलावली. गेटच्या आत सून म्हणजे 'मॅडम', अहो-जाहो. गेटच्या बाहेर 'अगं ए'. सुनेनेही आत 'बाई' म्हणायचं आणि बाहेर 'आई'. वॉचमन शपथेवर सांगायचा की सकाळी गेट ओलांडताना बाईंचं एकच वाक्य दोन तुकड्यांत यायचं. "अगं, डबा विसरलीस की काय," हे बाहेर, आणि "मॅडम, माझ्याकडे देऊ नका, माझे हात भरलेत," हे आत.

आता मेणबत्तीचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे.

बाई कामाला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. एका मोठ्या धुलाईच्या दुकानातला ब्रेकर, म्हणजे करंट वाढला किंवा फार तापलं की आपोआप वीज तोडणारा स्विच, रोज दुपारी पडायचा. यंत्रं जोरात चालू झाली की तासाभरात खट्! ब्रेकर बदलला, परत खट्. दुसरा बदलला, तिसरा बदलला. सगळे ब्रेकर बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होते. बाईंनी मात्र ब्रेकरकडे न बघता केबलकडे बघितलं. केबल जिथे ब्रेकरला बोल्टने आवळतात त्या जागेला टर्मिनल म्हणतात. त्या टर्मिनलचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं, कडक झालं होतं, नखाने टवका निघत होता. केबल मात्र ठणठणीत. का नसणार? केबलच्या अंगावर लिहिलेलंच होतं, नव्वद डिग्री. म्हणजे आतली तार नव्वदपर्यंत तापली तरी तिच्या आवरणाला काही होत नाही. बसवणाऱ्याने हिशेब केला होता की केबल एवढं तापणं सोसते, तर मग बारीक केबल चालेल. चालली की! केबलला काहीच झालं नाही. पण ती तापलेली तार ज्या ब्रेकरला नेऊन बांधली होती, तो सत्तर डिग्रीचा होता.

"तव्याला चटका बसत नाही," बाई नंतर प्रत्येक नव्या माणसाला सांगायच्या, "म्हणून तो हाताने धरायचा का? तवा किती सोसतो ते विचारू नका. धरणारा किती सोसतो ते विचारा."

एवढीच गोष्ट आहे बघा. केबल नव्वदची असेना का, खुशाल वापरा, पण तिची जाडी ठरवायची ती सत्तरच्या हिशेबाने. जाड केबल तेवढाच करंट नेताना कमी तापते. तक्त्यात दोन रकाने असतात, एक सत्तरचा, एक नव्वदचा. जोडलेल्या सामानात जो सगळ्यात नाजूक असेल, त्याचा रकाना बघायचा. शाळेतल्या पोराला कळेल. आणि तरी शिकलेसवरलेले लोक दर वर्षी नव्वदच्या रकान्यात बोट ठेवतात, कारण केबलवर नव्वद हा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो आणि ब्रेकरचं सत्तर त्याच्या माहितीपुस्तकात शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात.

धुलाईच्या दुकानात बाईंचं कुणी ऐकलं नाही. काल आलेली फिटर बाई, हिला काय कळतंय! तेव्हा बाईंनी घरातली मेणबत्ती घेतली, दूध तापवायच्या पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात थर्मामीटर सोडला आणि मेणाचा तुकडा कुठल्या आकड्याला विरघळतो ते सात वेळा बघितलं. साठच्या आसपास. पातेलं वाया गेलं. दुसऱ्या दिवशी मेन बंद करून त्यांनी मुगाच्या दाण्याएवढं मेण टर्मिनलवर बोटाने दाबून बसवलं, दार लावून घेतलं आणि अर्धीच यंत्रं चालू करायला लावली. दोन तासांनी सगळं बंद करून दार उघडलं, तर दाण्याचा पत्ता नाही, नुसता तेलकट ओघळ. "अर्ध्या यंत्रांवर साठ," बाई म्हणाल्या, "आता सगळी चालल्यावर किती, ते तुम्हीच सांगा." केबल बदलली. त्यानंतर ब्रेकर एकदाही पडला नाही.

पुढे मालकांनी तापमान बघायची बंदूक आणली. दुरून रोखली की आकडा दिसतो. बाई ती वापरायच्या, नाही असं नाही. पण म्हणायच्या, "बंदूक आत्ताचं सांगते, मेण चार तासांचं सांगतं. आणि बंद दाराच्या आडचं तुमच्या बंदुकीला काय दिसणार? दार उघडलं की वारा लागतो, टर्मिनल लगेच शहाण्यासारखं वागायला लागतं."

सुनेला हे सगळं तोंडपाठ होतं. धुलाईच्या दुकानाची गोष्ट तिने जेवताना इतक्या वेळा ऐकली होती की मध्येच बाई पाणी प्यायला थांबल्या तर पुढचं वाक्य ती सांगायची. बाईंच्या कामाचं तिला मनापासून कौतुक होतं. पण एक सल होता. चार वर्षांत बाईंनी तिच्या एकाही ड्रॉइंगला चांगलं म्हटलं नव्हतं. चुका काढायच्या, लाल पेन्सिलने गोल करायच्या, आणि कागद परत. कधी चूक सापडली नाही तर नुसतं "हं". त्या 'हं'वर सून आठवडाभर खूश असायची, एवढी गरीब बिचारी!

मग कारखान्याला एका रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं काम मिळालं आणि मालकांनी ते पूर्ण सुनेच्या हाती दिलं. पॅनेलही आपलं, केबलही आपलीच. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा मजला नवजात बाळांचा. दिवस भरायच्या आत जन्मलेली, तळहातावर मावतील अशी बाळं, आणि त्यांना उबेत ठेवणाऱ्या आठ काचेच्या पेट्या. पेट्या, एसी आणि बाकीची यंत्रं धरून त्या मजल्याला चारशे अँपियरचा ब्रेकर. सून दीड महिना त्या कामात बुडालेली होती. भूगोलवाला नवरा बिचारा स्वतःच्या हाताने जेवण वाढून घ्यायचा आणि आशेने विचारायचा, "संपलं का गं?"

संपलं त्या संध्याकाळी तिने सगळे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले. पॅनेलचे कागद, केबलींचे कागद, पेट्यांची मांडणी. बाई भाजी चिरत होत्या. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, आणि टेबलापाशी उभं राहून पाच-सात पानं उलटली. सून शेजारी उभी. लाल पेन्सिल कुठे जाते ते बघत. पेन्सिल कानावरून खाली उतरलीच नाही. बाई म्हणाल्या, "छान आहे."

छान! अहो, छान! सुनेला वाटलं आपल्या कानांचं काहीतरी झालं. तिने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने भुवया उंचावल्या. बाई परत भाजीकडे वळल्या होत्या. त्या रात्री सुनेला पदवी मिळाल्याच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद झाला, आणि हे ती आजही कबूल करते.

पॅनेल तयार झालं, तपासलं गेलं, रुग्णालयात जाऊन बसलं. केबली ओढून झाल्या, जोडून झाल्या. उद्घाटनाला आठ दिवस राहिले असताना चाचणी ठेवली. पॅनेलच्या खोलीत मालक, रुग्णालयाने नेमलेला सल्लागार, सून आणि बाई. सल्लागार म्हणजे कडक इस्त्रीतला माणूस, बुटांवर धूळ सोसवत नव्हती. बाई केबलपाशी गेल्या आणि थबकल्या. केबल त्यांनी पहिल्यांदाच बघितली होती. आतापर्यंत त्यांच्या हाताखाली नुसतं पॅनेल गेलं होतं. त्यांनी केबलभोवती अंगठा आणि बोट धरून बघितलं, आणि खिशातून मेणबत्ती काढली.

"आता हे काय?" सल्लागाराने विचारलं.

"लाईट गेली तर असावी म्हणून," मालक घाईने म्हणाले आणि स्वतःच हसले.

मेन बंद, कुलूप, टेस्टर, चालू सॉकेट, परत टेस्टर. मग बाईंनी प्रत्येक टर्मिनलवर मेणाचा एकेक दाणा बसवला आणि दार लावलं. पेट्या आणि बाकीची यंत्रं अजून यायची होती, म्हणून तितक्या ताकदीचे हीटर भाड्याने आणले होते. तेही पुरते मिळाले नव्हते. साठ टक्के लोड. नऊ वाजता चालू केलं, एक वाजता बंद केलं. बाईंनी दार उघडलं.

ब्रेकरच्या तिन्ही टर्मिनलांवरचं मेण गेलं होतं. केबलच्या अंगावरून खाली ओघळून, खालच्या पत्र्यावर तीन पांढरे डाग. "साठ डिग्री ओलांडली," बाई म्हणाल्या.

सुनेने ते डाग बघितले. पण ती इंजिनीअर होती, आधी सोपं कारण शोधणारी. "बोल्ट सैल असेल," ती म्हणाली. बाईंनी पाना लावला. तिन्ही बोल्ट जसे हवे तसे आवळलेले. लोड मोजून ठेवलेला होता, बरोबर होता. मग बाई सुनेकडे वळल्या, आणि गेटच्या आतला आवाज काढून म्हणाल्या, "मॅडम, केबल कुठल्या रकान्यातून घेतली?"

"नव्वदची केबल आहे," उत्तर दिलं ते सल्लागाराने. "साठ डिग्रीने तिचं काय बिघडतंय? ड्रॉइंग मी स्वतः पास केलंय."

बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मॅडम, मी सही करत नाही."

मालकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. आठ दिवसांत एवढी लांब केबल उपसून दुसरी टाकायची? निमंत्रणं गेली होती. सल्लागार म्हणाला, आत्ता चालू करू, नंतर लक्ष ठेवू. लक्ष ठेवू! हा शब्द ज्याने शोधून काढला त्याला एकदा उन्हाळ्यात भर दुपारी पॅनेलच्या खोलीत बसवायला हवं. तेवढ्यात दारात त्या मजल्याची सिस्टर आली. तिला आतलं काही ठाऊक नव्हतं. तिने हसत विचारलं, "झालं का चालू? जुन्या वॉर्डात एका पेटीत दोन-दोन बाळं ठेवतोय आम्ही. पुढच्या सोमवारी सकाळी सहा जणांना इकडे आणायचंय." सगळे एकमेकांकडे बघायला लागले तेव्हा ती गोंधळून परत गेली.

सून तिथून बाहेर पडली आणि अंगणात एका रिकाम्या केबलच्या ड्रमवर जाऊन बसली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, आणि ते पाणी निम्मं रागाचं होतं. सगळ्यांच्या देखत! मालकांच्या देखत, त्या इस्त्रीवाल्याच्या देखत! घरचं माणूस असून जरा बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? मॅडम म्हणे! मग तिने पिशवीतून ब्रेकरचं माहितीपुस्तक काढलं. सासूबाईंना खोटं पाडायलाच काढलं, खरं तर. शेवटचं पान. मुंगीचं अक्षर. टर्मिनलला जोडायची केबल सत्तर डिग्रीच्या हिशेबाने घ्यावी.

धुलाईच्या दुकानाची अख्खी गोष्ट तिला पाठ होती. जेवताना पुढचं वाक्य सांगायची ती! आणि चारशे अँपियरसाठी तक्ता उघडला तेव्हा तिचं बोट नव्वदच्या रकान्यात गेलं होतं. केबलवर नव्वद लिहिलंय म्हणून नव्वद. तिथे दीडशे चौरस मिलिमीटरची जाडी पुरत होती. सत्तरच्या रकान्यात दोनशे चाळीस लागत होती. आठ पेट्यांसकट अख्खा मजला चालला असता, बाहेर ऊन असतं, तर भर दुपारी खट्! आणि आत सहा बाळं. तिने डोळे पुसले, उठली, आणि आत जाऊन सरळ सांगितलं, "केबल बदलावी लागेल. दोनशे चाळीस. चूक माझी आहे."

सल्लागार म्हणाला, "एवढं काही नसतं हो."

"असतं," सून म्हणाली.

त्या संध्याकाळी घरी जेवणं भराभर उरकली. भूगोलवाल्याने वातावरण बघून आपली ताटली उचलली आणि वह्या तपासायला आतल्या खोलीत गेला. सुनेने भांडी विसळता विसळता एकदाच विचारलं, "आई, तुम्ही घरी सांगितलं असतं तर? आधीच?"

बाई ओटा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "मला तिथेच कळलं गं." एवढंच, आणि फडकं वाळत घालायला गेल्या. फडकं कोरडंच होतं. सुनेला वाटलं, रागावल्यात अजून.

सहा दिवसांत जाड केबल आली आणि बसली. मालक स्वतः बाह्या सरसावून केबल ओढायला उभे राहिले होते, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. सातव्या दिवशी पुन्हा चाचणी. या वेळी पेट्याही आल्या होत्या, हीटरही पुरते मिळाले होते. आधी साठ टक्क्यांवर चार तास, मग दार उघडायचं, मग पूर्ण लोड. बाईंनी मेणबत्ती काढली आणि सुनेपुढे धरली. "माझी बोटं आज थरथरतायत," म्हणाल्या. साफ खोटं. त्यांची बोटं आयुष्यात थरथरली नव्हती. सुनेने दाणे बसवले. नऊ ते एक ती त्या खोलीबाहेर येरझाऱ्या घालत होती आणि बाई स्टुलावर बसून शांतपणे चष्मा पुसत होत्या. एक वाजता बंद केलं, कुलूप, टेस्टर, सॉकेट, टेस्टर. दार उघडलं.

दाणे जिथल्या तिथे. मुगाएवढे, गोल, सुनेच्या अंगठ्याचा ठसाही तसाच. तिचा जीव भांड्यात पडला. दुपारी पूर्ण लोडवरही ब्रेकर हूं की चूं न करता चालला, आणि बंदुकीने आकडा दाखवला तो सत्तरच्या आतला.

राहिला अहवाल. तो लिहायला सगळे कारखान्याच्या ऑफिसात जमले. त्यात एक चौकट असते: बदल का करावा लागला. मालकांनी खुर्ची पुढे ओढली. माणूस वाईट नव्हता, सुनेचं भलंच बघत होता. "मॅडम, 'पुढे लोड वाढेल म्हणून जाड केबल टाकली' असं लिहा. खोटंही नाही ते. ही कागदपत्रं जन्मभर राहतात. तुमचं पहिलं मोठं काम." सल्लागाराने जोरात मान हलवली; त्याचीही सही त्या ड्रॉइंगवर होतीच.

सुनेने बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "चौकट तुमची आहे, मॅडम. मी काही बोलणार नाही." आणि खरंच खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांना सोपं नव्हतं ते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते कुणाला कळलं नाही, पण कोटाच्या खिशातली मूठ घट्ट आवळलेली दिसत होती.

सुनेने लिहिलं, "केबल नव्वद डिग्रीच्या रकान्यातून निवडली. ब्रेकरचं टर्मिनल सत्तर डिग्रीचं असल्याने सत्तरच्या रकान्यातून निवडायला हवी होती. चूक डिझाइनची." खाली सही.

कागद बाईंकडे गेला. त्यांनी चष्मा लावला. ओळ न् ओळ वाचली. मग सही करायच्या जागेच्या वर, त्याच चौकटीत, आपल्या बारीक ठसठशीत अक्षरात त्या काहीतरी लिहू लागल्या. मालक म्हणाले, "अहो बाई, झालं की, आता काय?" बाईंनी लिहून पूर्ण केलं, सही केली, आणि कागद सुनेपुढे सरकवला.

"आणि तपासणीची. केबलींचे कागद चाचणीच्या सात आठवडे आधी माझ्या हातात होते. डिझाइन माझ्या सुनेचं होतं, म्हणून मी ते पान उघडलं नाही."

सुनेने ते दोनदा वाचलं. टेबलावर पसरलेले कागद तिला आठवले, भाजी, पुसलेले हात, कानावरून न उतरलेली पेन्सिल. छान आहे. दीड महिना ती ज्या दोन शब्दांवर तरंगत होती, ते न वाचता दिलेले होते! तीस वर्षांत ज्या बाईने सख्ख्या भावाने आवळलेला बोल्टही पुन्हा आवळून बघितला, तिने एकदाच, एकाच माणसाचं काम तपासलं नव्हतं. मायेने तपासलं नव्हतं. आणि आता ते जन्मभर राहणाऱ्या कागदावर लिहून, खाली सही करून मोकळी झाली होती.

"आई," सून म्हणाली. गेटच्या आत, सगळ्यांच्या देखत. चार वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला.

बाईंनी चष्मा काढला. "मला अभिमान वाटला होता गं," त्या म्हणाल्या. "त्या नादात डोळे मिटले मी." नियम त्यांच्याकडूनही मोडला, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. इस्त्रीवाला सल्लागार बुटांकडे बघत होता. मालकांनी तिसरी सही केली.

सोमवारी सहा बाळं वर आली. सिस्टर सांगते की त्यातलं सगळ्यात छोटं आता चालायला लागलंय आणि दिसेल ते बटण दाबतं.

सुनेचं पुढचं काम लहानसंच होतं, एका छापखान्याचं. ड्रॉइंग संपलं त्या संध्याकाळी तिने कागद टेबलावर ठेवले, आणि या वेळी केबलचं पान सगळ्यात वर ठेवलं. बाईंनी हात पुसले, चष्मा लावला, खुर्ची ओढून बसल्या. एक पान झालं, दुसरं झालं. भाजी गार झाली. भूगोलवाला दोनदा येऊन बघून गेला. पाऊण तास झाला तेव्हा कागदावर तीन लाल गोल उमटले होते, आणि तिसरा तर इतका क्षुल्लक होता की दुसऱ्या कुणाला भिंग लावूनही दिसला नसता.

"हे काय गं?" बाई कडाडल्या. "डोळे कुठे असतात तुझे?"

सून त्यांच्या शेजारी बसून ते तीन गोल बघत होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.